सुहैल का थरथरतो? चौलच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या एका ताऱ्याचा इतिहास

आपल्या घरांमध्ये सुहेल, सुरय्या आणि तारिक ही नावं सर्रास ठेवली जातात. ती आकाशातून आली आहेत, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. तारिक म्हणजे रात्री येणारा. कुरआनच्या ८६व्या सूरहचं हेच नाव आहे आणि तिथे ते ताऱ्यासाठी आलं आहे. सुहेल, अरबी उच्चाराप्रमाणे सुहैल, हा दक्षिणेकडचा एक तेजस्वी तारा. मराठी पंचांगात ज्याचं ‘अगस्ति दर्शन’ नोंदलेलं असतं तो अगस्त्याचा तारा म्हणजेच सुहैल. नावं दोन, तारा एकच.

फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास रेवदंडा, मुरुड किंवा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहिलं, तर हा तारा क्षितिजापासून साधारण १९ अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की सुमारे १० अंश झाकले जातात, म्हणजे दोन मुठींच्या आतच. त्याच वेळी दक्षिणेलाच, पण कितीतरी उंच, ५५ अंशांच्या आसपास व्याध असतो. अरबीत त्याचं नाव शिअरा. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा व्याध आणि दुसरा सुहैल. दोघंही लुकलुकतात, पण सुहैल जास्त. व्याध उगवत असताना, म्हणजे तो पूर्वेला क्षितिजालगत असताना पाहिला, तर तोही लाल, हिरवा, निळा असे रंग झरझर बदलताना दिसतो. पाहणाऱ्याला तो तारा नसून विमानाचा दिवा वाटावा, इतका.

हे का होतं, याचं आजचं उत्तर शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत मिळतं. पण त्या दोन ओळींपर्यंत पोचायला माणसांना दोन हजार वर्षं लागली, आणि त्या वाटेवर अरबस्तान, इराक आणि आपला कोकण किनारा येतो. ती वाट इथे मांडायची आहे. आजच्या काळात तिची आठवण का हवी, ते शेवटी येईलच.

बगदादचा लाल तारा

नवव्या शतकात बगदादमध्ये इब्न कुतैबा नावाचे मोठे विद्वान होऊन गेले (८२८–८८९). सरकारी लेखनिकांना कोणत्या शब्दांचं आणि गोष्टींचं ज्ञान हवं, हे सांगण्यासाठी त्यांनी ‘अदब अल-कातिब’ हे पुस्तक लिहिलं. त्यात सुहैलची ओळख आहे. हा तारा तांबडा आहे, इतर ताऱ्यांपासून एकटा आहे आणि क्षितिजाच्या जवळ असल्यामुळे तो नेहमी थरथरत असल्यासारखा दिसतो, असं त्या वर्णनाचं सार.

या वर्णनातला ‘क्षितिजाच्या जवळ असल्यामुळे’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. थरथर ही ताऱ्याची प्रकृती आहे, असं इब्न कुतैबा म्हणत नाहीत. तारा कुठे आहे, त्यावर ती अवलंबून आहे, असं ते म्हणतात. हवेचं विज्ञान तेव्हा हाताशी नव्हतं. तरीही बोट बरोबर जागेवर ठेवलं गेलं होतं.

आता भूगोल पाहू. सुहैल आकाशात इतका दक्षिणेला आहे, की जितकं उत्तरेला जावं तितका तो खाली उतरतो. बगदादहून तो जास्तीत जास्त ४ अंश वर येतो. बसऱ्याहून सुमारे ७ अंश. इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदरातून साडेनऊ-दहा अंश. ओमानच्या सोहारहून १३ अंश. आणि चौलहून १९ अंश. क्षितिजाच्या अगदी वर, ४ अंशांवर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत १२ पटींच्या आसपास हवा ओलांडून येतो. १९ अंशांवर हे प्रमाण ३ पटींवर येतं. उगवत्या सूर्याप्रमाणेच एवढ्या जाड हवेतून निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा उरतो. म्हणून बगदादचा सुहैल लाल आणि कापरा. चौलचा सुहैल मात्र बराचसा पांढरा आणि तुलनेनं शांत. खरा सुहैल पांढराच आहे.

बगदाद ते चौल हा प्रवास त्या काळी कल्पनेतला नव्हता. इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६–१७ च्या सुमारास सैमूरला आले. सैमूर म्हणजे आजचं चौल, अलिबागपासून काही मैलांवर रेवदंड्याला लागून असलेलं. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. काही तिथेच जन्मलेले, बाकीचे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख स्थानिक राजानं नेमलेला होता. कोकणी मुसलमानांच्या इतिहासात हा उतारा नेहमी दाखला म्हणून दिला जातो, तो ‘आम्ही किती जुने’ हे सांगण्यासाठी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या माणसांनी एकाच आयुष्यात एकच तारा ४ अंशांवर आणि १९ अंशांवर पाहिला होता. बगदादला लाल असलेला तारा चौलला पांढरा होतो, याचा अर्थ लाली ताऱ्यात नाही. त्यांच्यापैकी कुणी हे लिहून ठेवलं, असा माझा दावा नाही. पण हा पुरावा त्यांच्या रोजच्या प्रवासातच होता.

नाखुदाचं आकाश

समुद्रावरच्या लोकांना क्षितिजालगतच्या ताऱ्यांकडे पाहणं टाळता येत नव्हतं. अरब नाविकांचं दिशाचक्र ३२ भागांचं होतं आणि त्यातल्या बहुतेक दिशांची नावं ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून पडली होती. उत्तर म्हणजे ‘जाह’, ध्रुवतारा. पूर्व-आग्नेय म्हणजे ‘तीर’ची उगवती, आणि तीर म्हणजे व्याध. दक्षिण-आग्नेय म्हणजे सुहैलची उगवती, दक्षिण-नैर्ऋत्य म्हणजे त्याची मावळती. हे तारे त्या दिशांना अगदी नेमके उगवतात असं नाही; ढोबळ वाटणी होती. पण तिच्यावर विसंबून जहाजं हिंदी महासागर ओलांडत. ताऱ्याची उंची मोजण्याचं एकक होतं ‘इसबा’, म्हणजे बोट. साधन होतं ‘कमाल’: एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद यांनी हे सगळं शास्त्र ‘किताब अल-फवाइद’मध्ये बांधून ठेवलं. त्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचीही माहिती आहे.

म्हणजे ज्या जागी तारा सगळ्यात जास्त कापतो, रंग बदलतो, तीच जागा नाविकाला रोज निरखायची होती. ताऱ्यांची थरथर या लोकांना कोणत्याही दरबारी ज्योतिषापेक्षा जास्त ओळखीची असणार.

या व्यवहाराच्या खुणा आपल्या बोलीत अजून आहेत. फारसीतला ‘नाखुदा’, म्हणजे जहाजाचा धनी, कोकणी मुसलमानांमध्ये आडनाव म्हणून उरला आणि कोळ्यांच्या बोलीत ‘नाखवा’ झाला. जहाजांना अनुकूल हंगाम म्हणजे अरबीत ‘मौसिम’. त्यावरूनच युरोपातल्या भाषांनी ‘मान्सून’ घेतला आणि आपण ‘मोसमी पाऊस’ म्हणतो.

सुहैल आणि हंगाम यांचंही नातं आहे. रायगडच्या अक्षांशावर हा तारा ऑगस्टच्या मध्याच्या आसपास पहाटे पुन्हा दिसू लागायला हवा, पण तेव्हा आपलं आकाश ढगांनी भरलेलं असतं. आखातात तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दिसतो आणि तिकडचे लोक आजही त्यावरून उन्हाळ्याचा जोर ओसरला असं मानतात. पावसाळ्याच्या भर वाऱ्यात कोकणची बंदरं बंद असत. वारा मंदावला की अरबस्तानातून जहाजं सुटत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, तेही याच सुमारास.

भारतीय परंपरेत हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आहे. अगस्त्य ऋषींनी समुद्र पिऊन टाकला, अशी महाभारतात कथा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त अगस्त्याच्या उदयावर एक अख्खा अध्याय लिहिला आणि या ताऱ्याच्या उदयाबरोबर गढूळ पाणी निवळतं, असं सांगितलं. या दोन परंपरा एकमेकींना भेटल्या त्या अल-बिरुनींच्या पानांवर. इसवी सन १०३० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘किताब अल-हिंद’मध्ये त्यांनी वराहमिहिराचा आधार घेऊन सुहैलच्या उदयाची आणि त्या वेळी करायच्या विधींची माहिती अरबी वाचकाला दिली. अगस्त्य म्हणजे आपला सुहैल, हे त्यांनी तिरस्कारानं नव्हे, तर अभ्यासकाच्या कुतूहलानं सांगितलं. त्यासाठी ते संस्कृत शिकले. ज्या सुलतानाच्या दरबाराशी ते बांधलेले होते, त्या महमूद गझनवीच्या स्वाऱ्या चालू असताना त्यांनी हे काम केलं, हेही विसरू नये.

दोष डोळ्याचा की हवेचा?

तारे का लुकलुकतात, हा प्रश्न ग्रीकांनीही विचारला होता. ॲरिस्टॉटलचं उत्तर असं, की तारे फार दूर आहेत, आपली दृष्टी तिथवर पोचताना दुबळी होते आणि कापते. ग्रह जवळ आहेत म्हणून ते स्थिर दिसतात. म्हणजे दोष डोळ्याचा. दृष्टी डोळ्यातून बाहेर जाऊन वस्तूला भिडते, असा समज त्या काळी बऱ्याच जणांचा होता.

हा समज मोडला तो बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी (९६५ ते सुमारे १०४०). ‘किताब अल-मनाझिर’च्या सात भागांत त्यांनी दाखवलं, की डोळ्यातून काही बाहेर जात नाही, वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून दिसतं. सातव्या भागात प्रकाशाच्या वाकण्याचा विचार आहे. ताऱ्याचा प्रकाश वरच्या विरळ माध्यमातून दाट हवेत येताना वाकतो आणि म्हणून क्षितिजाजवळचा तारा आपल्या खऱ्या जागेहून थोडा वर दिसतो. टॉलेमीला हे आधीच जाणवलं होतं. इब्न अल-हैसम यांनी ते दृष्टीच्या नव्या सिद्धांतात बसवलं. याच इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीच्या चुका आणि विसंगती दाखवणारं ‘अश-शुकूक अला बतलमयूस’, म्हणजे ‘टॉलेमीबद्दलच्या शंका’, असं स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. थोरांवर विसंबू नका, त्यांचं म्हणणं तपासा, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांचं प्रकाशशास्त्राचं पुस्तक लॅटिनमध्ये गेलं, १५७२ साली बासेलला छापलं गेलं आणि युरोपातल्या पुढच्या पिढ्यांनी वाचलं. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी ‘मायक्रोग्राफिया’त ताऱ्यांची लुकलुक हवेच्या कमी-जास्त घनतेशी जोडली. १७०४ साली न्यूटन यांनी ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहिलं, की ज्या हवेतून आपण तारे पाहतो ती सतत कापत असते, दुर्बिणी उंच डोंगरावर, शांत हवेत न्याव्यात. आज मोठ्या दुर्बिणी लडाखमध्ये हानलेला आणि चिलीच्या डोंगरांवर आहेत, त्याचं एक कारण हेच.

म्हणून ताऱ्यांच्या लुकलुकण्याचं कोडं ‘मुसलमानांनी सोडवलं’ असं म्हणणं खोटं ठरेल, आणि ‘युरोपनं सोडवलं’ असं म्हणणं अर्धवट. इब्न कुतैबांनी जागा ओळखली. इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाची वाट नीट केली. कापरी हवा पुढच्यांनी दाखवली.

आपण हवेच्या तळाशी राहतो

आता आजचं उत्तर. खाडीच्या उथळ, स्वच्छ पाण्यात दुपारी पाहिलं, तर तळाच्या वाळूवर उजेडाची हलती जाळी दिसते. वरचं पाणी हलतं, ऊन कुठे गोळा होतं, कुठे विरळ होतं. ताऱ्याच्या प्रकाशाचंही तेच होतं. फरक इतकाच, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी उभे आहोत.

हवा प्रकाशाला फार थोडं वाकवते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर समुद्रसपाटीच्या हवेचा जेमतेम १.०००३. हवेचं तापमान एका अंशानं बदललं, की हा आकडा दहा लाखात एक इतकाच बदलतो. पण हवा कधीच एकसारखी नसते. गरम आणि थंड हवेचे लहान-मोठे गोळे एकमेकांत मिसळत असतात. किनाऱ्यावर तर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. शिवाय कित्येक किलोमीटर उंचीवर वेगळेच वारे असतात. या सगळ्या थरांतून येताना प्रकाशाचे उजळ-मंद पट्टे तयार होतात. ते काही सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटं रुंद असतात आणि वाऱ्याबरोबर आपल्या डोळ्यावरून सरकत जातात. डोळ्याची बाहुली या पट्ट्यांपेक्षा लहान, म्हणून एका क्षणी तारा उजळ, दुसऱ्या क्षणी मंद.

रंगांचं कारण याच्याच पुढे आहे. हवा निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकवते. तारा डोक्यावर असेल तर हा फरक जाणवत नाही. सगळे रंग एकाच वाटेनं येतात आणि एकत्रच कमी-जास्त होतात, म्हणून तारा पांढराच लुकलुकतो. तारा खाली असेल तर निळ्याची वाट आणि लालची वाट वरच्या हवेत एकमेकींपासून दूर जातात. मग निळा प्रकाश हवेच्या एका गोळ्यातून येतो, लाल दुसऱ्यातून. एका क्षणी लाल डोळ्यात जास्त पडतो, पुढच्या क्षणी निळा, मग हिरवा.

हे खेळ तेजस्वी ताऱ्यांमध्येच का दिसतात? मंद ताऱ्यांचेही रंग असेच बदलतात. पण डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना पुरेसा उजेड लागतो. मंद प्रकाशात ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. म्हणून हा तमाशा व्याध, सुहैल, अभिजित अशा मोजक्या ताऱ्यांपुरता आपल्याला दिसतो.

ग्रह स्थिर का दिसतात, हेही आता कळेल. गुरूची तबकडी आपल्याला ३० ते ५० विकला एवढी दिसते, तर व्याधाची एका विकलेच्या शंभराव्या भागाहूनही लहान. ग्रहाच्या तबकडीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश वेगळा थरथरतो आणि सगळे मिळून एकमेकांना सांभाळून घेतात. तारा एकटा ठिपका. त्याला सांभाळायला कुणी नाही. ग्रह थरथरत नाहीत हे ॲरिस्टॉटलचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकीचं होतं.

सुहैल आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज रेवदंड्याहून दिसणारा त्याचा प्रकाश अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला. तेव्हा कुलाब्याच्या किल्ल्यावर कान्होजी आंग्रे होते आणि जंजिऱ्यात सिद्दी. ही तीनशे वर्षं तो प्रकाश जवळजवळ सरळ आणि शांत आला. त्याची सगळी थरथर शेवटच्या काही मैलांत, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात झाली.

तारिक, पल्सार आणि एक मेसेज

आता या इतिहासाची आज गरज काय, त्याकडे येतो. गेली काही वर्षं एक मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरतो. सूरह अत-तारिकमधला तारा म्हणजे पल्सार. ‘तरक’ या धातूचा अर्थ ठोठावणं, पल्सारही ठोके दिल्यासारखे रेडिओ संदेश देतो. विज्ञानाला जे १९६७ साली कळलं, ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच होतं, असा त्याचा मतितार्थ. पाठवणाऱ्याची श्रद्धा खरी असते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या मुफस्सिरांनी या ताऱ्याचा अर्थ लावताना कुणी शनी म्हटलं, कुणी सुरय्या, कुणी कोणताही तेजस्वी तारा. त्यांना आपल्या अर्थाबद्दल मतभेद परवडत होते. आपल्याला मात्र दर दहा वर्षांनी नवा शोध लागला की जुन्या आयतीवर तो चिकटवायची घाई असते. उद्या विज्ञानानं आपलं मत बदललं, तर काय करायचं, हा विचार मेसेज पाठवणारा करत नाही.

पल्सारचा शोध खरोखर कसा लागला, ते या मेसेजमध्ये कधीच नसतं. केंब्रिजमध्ये अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी रेडिओ स्रोतांची लुकलुक अभ्यासत होती. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित वाऱ्यामुळे दूरचे रेडिओ स्रोत ताऱ्यांसारखेच लुकलुकतात. ती लुकलुक टिपण्यासाठी त्यांनी खांब आणि तारांची मोठी अँटेना स्वतः उभारली होती. रोज सुमारे ३० मीटर कागदावर रेघा उमटत आणि बेल त्या डोळ्यांनी तपासत. १९६७ च्या ऑगस्टमध्ये एक खूण अशी आली, की जिचं लुकलुकणं त्या वेळी जोरात असायला नको होतं. स्रोत सूर्यापासून दूर, मध्यरात्रीच्या आकाशात होता. त्यांनी ती बाजूला टाकली नाही. तपासलं तर दर १.३३ सेकंदांनी एक ठोका. तोच पहिला पल्सार. १९७४ चं नोबेल त्या शोधासाठी ह्यूइश यांना मिळालं. बेल यांना नाही. म्हणजे पल्सार सापडला तोही ताऱ्यांच्या थरथरीचा पिच्छा पुरवतानाच.

ही परंपरा आपल्या जिल्ह्यापासून दूर नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली मुंबईच्या कुलाब्यात वेधशाळा उभारली, ती तारे पाहण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. पुढे तिथे चुंबकीय मोजमापं सुरू झाली. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर ती मोजमापं बिघडणार होती, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. तिथे आजही नोंदी होतात. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे आणि तिथले शास्त्रज्ञ आणखी एका लुकलुकीचा अभ्यास करतात. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात, काही शे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या वर चढतात. त्यांतून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएसवर विसंबणाऱ्यांना त्रास होतो. पूर्वी नाखुदा ताऱ्यावरून वाट काढत असे, आज बोटीवरचा तांडेल उपग्रहावरून काढतो. दोघांच्या खुणा कापतात, फक्त कापवणारा थर बदलला.

कुरआनमध्ये शिअऱ्याचं, म्हणजे व्याधाचं नाव सूरह अन-नज्ममध्ये येतं. काही अरब टोळ्या त्या ताऱ्याची पूजा करत; त्या ताऱ्याचाही रब अल्लाहच आहे, असं तिथे बजावलं आहे. बुखारी आणि मुस्लिममध्ये हुदैबियाची हदीस आहे: रात्री पाऊस पडला, तेव्हा तो अमुक ताऱ्यामुळे पडला असं म्हणण्याला प्रेषितांनी नापसंती दाखवली. सुहैल उगवला की पाऊस ओसरतो, पण सुहैल पाऊस ओसरवत नाही. खूण आणि कारण यांत फरक करायची ही शिकवण आहे. इब्न अल-हैसम, अल-बिरुनी यांच्यासारखे लोक तिला धरूनच पुढे गेले, असं मी मानतो. त्यांनी आयती समोर ठेवून शोध आयते मागितले नाहीत. त्यांनी मोजलं, शंका घेतली, दुसऱ्यांच्या भाषा शिकल्या आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांचं ऋण नाव घेऊन मान्य केलं.

आपल्या मुलांना अभिमान वाटावा असं काही द्यायचं असेल, तर ते हे आहे. ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं ऐकून वाढलेलं मूल प्रश्न विचारणं थांबवतं, मग ते मदरशातलं असो, उर्दू शाळेतलं की मराठी शाळेतलं. आणि हेच वाक्य आपल्या शेजारच्या घरांतही वेगळ्या ग्रंथांच्या नावानं ऐकू येतं. त्याऐवजी घरातल्या सुहेलला त्याच्या नावाचा तारा दाखवावा. तो अगस्त्यही आहे हे सांगावं. बगदादहून तो लाल दिसतो आणि आपल्याकडून पांढरा, तर मग खरा कोणता, हे त्याला विचारावं आणि उत्तर लगेच देऊ नये. जानेवारी ते मार्च, ढग नसलेली संध्याकाळ आणि दक्षिणेकडे मोकळं आकाश, एवढंच त्यासाठी लागतं. आपल्या किनाऱ्यावर ते अजून फुकट मिळतं.